दहा नखांची पाटी

पावसाळा सरत आला की कोकणात बांधाबांधावर तेरडा फुलतो. भाद्रपदात मुळांसकट उपटून घरी आणतात, गौर म्हणून पुजतात, तो हाच. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हणही याचीच, आणि मराठी घरांत ती बहुतेक वेळा कुणाची तरी हौस मोडायला बाहेर काढली जाते. मुलीने सतारीचा क्लास लावला, चित्रांची वही आणली किंवा नखं रंगवायला घेतली, की स्वयंपाकघरातून आजीचा आवाज येणारच: तेरड्याचा रंग!

कोरियात याच फुलाची ख्याती अगदी उलटी आहे. तिथे मुली तेरड्याच्या पाकळ्या आणि पानं तुरटी घालून ठेचतात, तो लगदा नखांवर ठेवून वरून पानाने किंवा कापडाने बांधतात आणि रात्रभर तसाच राहू देतात. सकाळी नखं नारिंगी-तांबडी झालेली असतात. पहिला बर्फ पडेपर्यंत हा रंग नखावर टिकला तर पहिलं प्रेम सफळ होतं, अशी तिथली समजूत.

खरं म्हणजे दोन्हीकडचे लोक बरोबर आहेत. आपली म्हण फुलाबद्दल बोलते, त्यांची समजूत नखाबद्दल. फूल कोमेजतं, पण तेरड्यात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, तेच जे मेंदीच्या पानात असतं. नख ज्या केराटिनचं बनलेलं आहे त्याला ते घट्ट धरून बसतं. धुऊन जात नाही, खरवडून निघत नाही. नख वाढेल तसं पुढे सरकतं आणि शेवटी कापलं जातं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं नख यायला सहाएक महिने लागतात. लग्नात नखांना लागलेली मेंदी तळहातावरची पार उडून गेल्यावरही कितीतरी दिवस साक्ष देत राहते, ती यामुळे. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने नखाच्या या चालीचा हिशोब स्वतःच्या अंगठ्यावर तब्बल ३५ वर्षं ठेवला. नखाच्या मुळाशी एक खूण करायची, ती टोकाला पोचायला किती दिवस लागले ते लिहायचं, पुन्हा नवी खूण. वयाच्या तिशीत त्यांचं नख जेवढं धावत होतं तेवढं सदुसष्टीत धावेना, हे त्यांनी १९८०मध्ये प्रसिद्ध केलं. चिकाटीची कमाल म्हणायची.

नखचित्रांच्या पुस्तकाच्या या प्रस्तावनेत तेरडा आणि मेंदी आधी आली, त्याला कारण आहे. नख रंगवण्याच्या मुळात दोन जाती आहेत. एक रंग नखात मुरतो, दुसरा नखावर बसतो. मुरणाऱ्या रंगाने नख सुंदर दिसतं, पण त्यावर चित्र काढायची कुणाची सहसा हिंमत होत नाही, कारण चुकलं तर सहा महिने थांबा. वर बसणारा रंग मात्र कापसाच्या एका बोळ्याने पुसता येतो. चुकलं, पुसलं, पुन्हा काढलं. शाळेतल्या पाटीसारखं. नखांवरची चित्रकला हा हौसेचा विषय झाला तो रंगाच्या बाटल्या मिळू लागल्या म्हणून, हे अर्धंच खरं; रंग पुसायचं औषध मिळू लागलं, हे उरलेलं अर्धं.

तसं नखांकडे बारकाईने पाहण्याची आपली परंपरा जुनी आहे. सौंदर्याचं वर्णन करायला आपण 'नखशिखांत' म्हणतो, म्हणजे सुरुवात नखापासून. वात्स्यायनाने तर कामसूत्रात प्रांतवार नखांची प्रतवारीच लावून ठेवली आहे. गौड देशाच्या लोकांची नखं लांब, हाताला शोभा आणणारी, स्त्रियांचं मन ओढून घेणारी. दाक्षिणात्यांची आखूड, कामाला टिकणारी. आणि महाराष्ट्रातल्यांची मध्यम, दोन्ही गुण थोडे थोडे असलेली. हे वर्णन पुरुषांच्या नखांचं आहे, हे जाता जाता सांगितलं पाहिजे. 'नखं सजवणं हे काय पुरुषांचं काम?' असं विचारणाऱ्याला निदान या ग्रंथाचा तरी आधार नाही. इंग्लिश गायक हॅरी स्टाइल्सने २०२१मध्ये स्वतःचा सौंदर्यप्रसाधनांचा ब्रँड काढला तेव्हा पहिल्या मालात नेलपॉलिशच्या बाटल्या होत्या. वात्स्यायनाला त्यात काही नवल वाटलं नसतं.

मध्यम नखांचा हा दाखला छंदाच्या दृष्टीनेही सोयीचा आहे. चित्र काढायला नख लांबच हवं, हा एक गैरसमज. पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांनी १९५२पासून डाव्या हाताची नखं कापलीच नाहीत आणि पाचही नखांची मिळून ९०९.६ सेंटिमीटर लांबी गाठून गिनेस बुकात नाव नेलं. जुलै २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये ती यंत्राने कापली गेली. तो विक्रम होता, आणि त्यापायी त्यांचा हात जन्माचा अडकला. नखचित्राला तेवढी जागा लागत नाही. कुठल्याही बाईच्या दोन्ही हातांची दहा नखं जोडून ठेवली तर जेमतेम एका मोठ्या टपाल तिकिटाएवढं क्षेत्र भरतं. सगळी गंमत त्या तिकिटाची आहे.

आता बाटलीत काय असतं ते पाहू. नेलपॉलिशचा कणा म्हणजे नायट्रोसेल्युलोज. १८४६मध्ये ख्रिश्चन शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून जो स्फोटक कापूस बनवला, त्याच घराण्यातलं हे द्रव्य. कापूस तोच, आम्लाची मात्रा कमी-जास्त केली की एकीकडे तोफेची दारू आणि दुसरीकडे नखाचा मुलामा. याच द्रव्याची फिल्म करून त्यावर सुरुवातीचे सिनेमे छापले जात. दादासाहेब फाळक्यांच्या काळात फिल्म म्हणजे नायट्रेटचीच फिल्म. ती किती पेटती असते हे जानेवारी २००३मध्ये पुण्यात दिसलं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि मूकपटांच्या काळापासूनचा ठेवा जळाला. १९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी या जातीचा रंग निघाला, ड्यूको नावाने. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागत, आता ते काम तासांवर आलं. आपल्याकडचे सुतार अजूनही कपाटाच्या गुळगुळीत फवारारंगाला 'ड्युको' म्हणतात. तेव्हा घरातलं कपाट, जुना सिनेमा आणि बोटावरची लाली ही एकमेकांची चुलत भावंडं आहेत. नेलपॉलिशची बाटली गॅसच्या शेगडीजवळ उघडू नये, त्यामागे हे नातंही आहे.

हे नायट्रोसेल्युलोज एथिल अ‍ॅसिटेट, ब्युटिल अ‍ॅसिटेट अशा झटकन उडणाऱ्या द्रवांत विरघळवलेलं असतं. ब्रश फिरला की द्रव हवेत उडून जातो (खोलीभर पसरतो तो वास त्याचाच) आणि मागे पातळ पापुद्रा उरतो. नुसत्या नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा ठिसूळ, म्हणून त्याला लवचीक करणारं द्रव्य घालतात. चकाकी आणि पकड यावी म्हणून राळ. रंगाचे कण तळाशी बसू नयेत म्हणून खास प्रक्रिया केलेली माती. या मातीचा गुण असा की बाटली स्थिर असताना मिश्रण दाट राहतं, ब्रशने हलवलं की पातळ होऊन पसरतं आणि नखावर थांबलं की पुन्हा दाट होतं. बाटलीत खुळखुळ वाजणाऱ्या एक-दोन बारीक गोळ्या असतात त्या ढवळण्यासाठी. पण बाटली सरबतासारखी हलवू नये, बुडबुडे नखावर येतात. दोन तळव्यांत धरून ताकाच्या रवीसारखी फिरवावी.

रंगाचा व्यापार कसा वाढला, ही गोष्ट लांब आहे. इथे तिची वळणं तेवढी पुरेत. अमेरिकेत क्युटेक्सने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास द्रवरूप पॉलिश बाजारात आणलं, आणि ते नाव इतकं रुजलं की केरळात आणि श्रीलंकेत नेलपॉलिशला आजही 'क्युटेक्स'च म्हणतात. १९३२मध्ये चार्ल्स आणि जोसेफ रेव्हसन हे भाऊ आणि चार्ल्स लॅकमन हा रसायनतज्ज्ञ यांनी रेव्हलॉन काढली. नावातला 'ल' तो लॅकमनचा. त्यांनी पारदर्शक रंगाऐवजी नख पूर्ण झाकणारा गडद रंग दिला. त्या काळातल्या हौशी बायका मुळाशी असलेली पांढरी चंद्रकोर आणि नखाचं टोक कोरं सोडून मधलाच भाग रंगवत. आज 'हाफ मून' म्हणून जो नमुना नव्याने काढतात, तो आजेसासूबाईंच्या काळातला आहे.

भारतात १९५२मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली. हे फ्रेंच नाव फिरून आपल्याच घरी येतं. लिओ देलिबच्या १८८३च्या 'लाक्मे' या संगीतिकेची नायिका हिंदू आहे, आणि तिचं नाव म्हणजे 'लक्ष्मी'चा फ्रेंच उच्चार. पुढे जिनिव्हात जन्मलेल्या सिमोन टाटा यांनी हा उद्योग कित्येक वर्षं चालवला. चिल्लाल यांनी नखं वाढवायला घेतली ते वर्षही १९५२च. योगायोग म्हणून सोडून द्यावा.

पण बाटल्या जमवणं आणि नखं रंगवणं हे दोन वेगळे छंद आहेत. पहिल्याला पैसे लागतात, दुसऱ्याला दुपार लागते. कपाटात शंभर बाटल्या आणि हातावर कधीच चित्र नाही अशी हौस पुष्कळ दिसते. उलट तांबडा, पांढरा, काळा आणि एक पारदर्शक, एवढ्या चार बाटल्यांत वर्ष काढणाऱ्या मुलीही असतात, आणि त्यांची नखं बहुधा जास्त पाहण्यासारखी असतात.

अवजारांचंही तेच. बाजारात डॉटिंग टूल मिळतं, म्हणजे दोन्ही टोकांना बारीक गोळी असलेली काडी. ते नसेल तर बंद पडलेलं बॉलपेन, हेअरपिनचं गोल टोक किंवा पेन्सिलीच्या खोडरबरात उलटी खोचलेली टाचणी. ठिपक्यांची रांगोळी ज्या हाताने काढली आहे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. टोक रंगात एकदा बुडवून न थांबता चार ठिपके दिले तर प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा लहान पडतो. तुऱ्याच्या, वेलीच्या टोकासाठी हे आयतंच मिळतं. एका ठिपक्याभोवती पाच ठिपके दिले की फूल. दोन ठिपके शेजारी देऊन ओले असतानाच टाचणीने खाली ओढून एकत्र आणले की बदाम. एवढ्या भांडवलावर पहिला महिना सहज जातो.

दोन रंग एकमेकांत विरघळवायचे असतील तर भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा घ्यायचा, त्यावर दोन पट्टे शेजारी ओढायचे आणि नखावर टिपत जायचं. सरळ रेघ हवी तर चिकटपट्टी, पण खालचा थर पुरता वाळल्यावरच, नाहीतर पट्टीबरोबर रंगही निघून येतो. बारीक रेघोट्यांसाठी लांब केसांचा, बारीक टोकाचा ब्रश लागतो, ज्याला स्ट्रायपर म्हणतात. आणि रेघोट्या नेलपॉलिशने काढण्यापेक्षा पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाने काढाव्यात, हा अनुभवी मुलींचा सल्ला सोन्यासारखा आहे. नेलपॉलिशवर नेलपॉलिश फिरवलं की वरच्या थरातला द्रव खालच्या थराला पुन्हा सैल करतो. अ‍ॅक्रिलिकमध्ये पाणी असतं, ते खालच्या थराला हात लावत नाही. रेघ चुकली तर ओल्या काडीने तेवढीच पुसता येते, खालचं अंगण तसंच राहतं.

सपाट ब्रशच्या एका कोपऱ्यावर एक रंग आणि दुसऱ्यावर दुसरा घेऊन एकाच फटकाऱ्यात छटा असलेली पाकळी काढण्याची रीत 'वन स्ट्रोक' म्हणून ओळखली जाते. डोना ड्यूबेरी या अमेरिकन चित्रकर्तीने ती लाकडी सामान रंगवण्यासाठी लोकप्रिय केली आणि नखं रंगवणाऱ्यांनी उचलली. ही जमायला वेळ लागतो. पहिले गुलाब कोबीच्या गड्ड्यासारखे दिसतात, पण दिसू द्यावेत.

पाण्यावरची नक्षी हा तर जादूचा खेळच. घरातल्या साध्या तापमानाचं पाणी वाटीत घ्यायचं आणि त्यावर अगदी जवळून नेलपॉलिशचा एक थेंब सोडायचा. पृष्ठताणामुळे तो पसरून पातळ चकती होते. तिच्या मध्यावर दुसऱ्या रंगाचा थेंब, त्याच्या मध्यावर तिसरा. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी वलयं तयार होतात. टाचणीने ती ओढून फूल किंवा लाट करायची, मग नख आडवं धरून वरून बुडवायचं. बोट बाहेर काढण्याआधी पाण्यावर उरलेला रंग टूथपिकने गोळा करून घ्यायचा, नाहीतर तो वर येताना पुन्हा चिकटतो. थंडगार पाण्यावर रंग नीट पसरत नाही, बाटली जुनी होऊन घट्ट झाली असेल तरी पसरत नाही, आणि बोट मात्र दुसऱ्या पेरापर्यंत रंगतं. तुर्कस्तानातली एब्रू, जपानमधली सुमिनागाशी, जुन्या पुस्तकांच्या बांधणीतला मार्बल कागद, सगळ्यांमागचं तत्त्व हेच. तिथे कागदाचा ताव असतो, इथे करंगळी.

खोदलेल्या धातूच्या पट्टीवर रंग पसरून, खरवडून, रबराच्या शिक्क्याने चित्र उचलून नखावर उमटवण्याची सोयही आहे. कोरियाच्या कोनॅड कंपनीने ती घरोघर नेली. काम सुबक होतं, दहा मिनिटांत होतं आणि दहाही बोटांवर अगदी एकसारखं होतं. हातानेच चित्र काढणाऱ्यांना हा शेवटचा गुण म्हणजे दोष वाटतो. रांगोळीचे साचे मिळायला लागले तेव्हा उंबरठ्यांवर हेच भांडण झालं होतं.

मग काढायचं काय? आपल्याकडे याचं उत्तर फार लांब शोधावं लागत नाही. वारली चित्रातलं माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, डोक्याचा ठिपका आणि हातापायांच्या चार रेघा. गेरूच्या रंगावर पांढऱ्याने तो काढायला नखाएवढी जागा पुरते. तारपा नाचाचं वेटोळं काढायचं असेल तर अंगठा घ्यावा. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, त्यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. कागदावरून ती साड्यांवर, पेल्यांवर आणि आता नखांवर आली आहे. ज्यांची ही कला त्यांच्या घरी लग्नाचा देवचौक काढायला रीतभात असते, एवढं भान ठेवून देवचौक नखावर आणू नये, नाच आणि झाडं पुष्कळ आहेत. पैठणीचा नारळी काठ म्हणजे ओळीने त्रिकोण. वांगी किंवा राणी रंगाच्या नखाच्या टोकावर सोनेरी त्रिकोणांची एक ओळ ओढली की लग्नघरात विचारणा सुरू होते. मोर मात्र पहिल्या वर्षी टाळावा.

विषय संपतात असं वाटलं तर जगभरच्या हौशी लोकांत एक एकतीस दिवसांचं आव्हान खेळलं जातं, त्याची यादी हाताशी घ्यावी. पहिले दिवस नुसत्या रंगांचे: तांबडा, नारिंगी, पिवळा असे. पुढे ठिपके, पट्टे, फुलं, चित्त्याची कातडी, आकाशगंगा, पाण्यावरची नक्षी. नंतर एखाद्या गाण्यावरून, सिनेमावरून, पुस्तकावरून सुचलेलं चित्र, एखादा झेंडा. शेवटच्या दिवशी दुसऱ्या कुणाची तरी आवडलेली नखं, त्यांचं नाव सांगून, आपल्या हातावर उतरवायची. एकतीस दिवसांत एकतीस वेळा पाटी पुसायची, हे यातलं खरं शिक्षण.

एका गोष्टीवर मात्र कुठल्याच पुस्तकात पुरता उपाय नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा डावा हात प्रदर्शनात ठेवण्यासारखा रंगतो आणि उजवा हात धाकट्या भावाने रंगवल्यासारखा. फोटोत नेहमी बाटली धरलेला डावाच हात का दिसतो, याचं कारण एवढंच. उजवा हात आधी घ्यावा, धीर ताजा असताना. ब्रश टेबलाला टेकवून स्थिर धरावा आणि बोटच हळूहळू फिरवावं. त्या हाताला ठिपके द्यावेत, मोर देऊ नये.

मराठी घरात या छंदाचे आणखी काही शत्रू आहेत. पहिली हळद. पांढरं किंवा फिकं गुलाबी नख वरणभाताच्या एका जेवणात पिवळं होतं, आणि आपण जेवतो उजव्या हाताने, म्हणजे जो हात कष्टाने रंगवला तोच आधी जातो. दुसरं पाणी. नख पाणी पितं, फुगतं, लवतं. वरचा पापुद्रा तेवढा लवत नाही आणि कडेने सुटतो. म्हणून आंघोळीनंतर किंवा भांडी घासून झाल्या झाल्या रंगवायला बसू नये, आणि रंग, विशेषतः वरचा पारदर्शक थर, नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवावा. तिसरा शत्रू कणीक. तिच्यावर औषध नाही, त्या दिवशी पोळ्या दुसऱ्या कुणी कराव्यात.

नखं बोलतात, हे दोन मैदानांवर जगाने पाहिलं आहे. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर लांब, रंगवलेली नखं घेऊन धावली आणि तीन सुवर्ण, एक रौप्य घेऊन गेली. त्याआधी पोटासाठी तिने लोकांची नखं रंगवण्याचं कामही केलं होतं. तिचे १०० मीटरचे १०.४९ सेकंद आणि २०० मीटरचे २१.३४ सेकंद हे विक्रम अजून उभे आहेत. दुसरी एमा ग्रीन त्रेगारो, स्वीडनची उंच उडी मारणारी. ऑगस्ट २०१३मध्ये मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत, रशियाने समलिंगी लोकांविरुद्ध केलेल्या कायद्याचा निषेध म्हणून तिने पात्रता फेरीत इंद्रधनुष्याच्या रंगांची नखं लावली. हे नियमात बसत नसल्याचं तिला सांगण्यात आलं, तेव्हा अंतिम फेरीत ती लाल नखांनी उतरली. दहा ठिपक्यांएवढी जागा, पण आयोजकांना तिची दखल घ्यावी लागली.

आणि नखांनी पोटंही भरली आहेत. १९७५मध्ये व्हिएतनाममधून अमेरिकेत आलेल्या निर्वासित बायकांना भेटायला हिचकॉकच्या 'द बर्ड्स'ची नायिका टिप्पी हेड्रन कॅलिफोर्नियातल्या छावणीत जात असे. त्या बायकांना तिची नखं फार आवडली. तिने आपली नखं सजवणाऱ्या बाईलाच तिथे नेऊन वीसेक जणींना हे काम शिकवायला लावलं. अमेरिकेतल्या नेल सलूनच्या धंद्यावर व्हिएतनामी लोकांचा आज जो पगडा आहे, त्याची सुरुवात तिथली सांगतात.

धंद्याची गोष्ट निघाली म्हणून जेलबद्दल स्पष्ट लिहायला हवं. आपल्याकडेही आता सलूनमध्ये जेल नेलपॉलिशचा बोलबाला आहे. ते वाळत नाही, दिव्याखाली रासायनिक क्रियेने घट्ट होतं, दोन-तीन आठवडे टिकतं. हे काम शिकलेल्या हातानेच करावं. घरी किट आणून करताना त्यातली मेथॅक्रिलेट द्रव्यं कातडीला लागली किंवा अर्धवट घट्ट झाली तर कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते, असा इशारा ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१८मध्ये दिला. पुढे दात भरताना किंवा सांधा बदलताना याच कुळातली द्रव्यं वापरायची वेळ येते, म्हणून ही अ‍ॅलर्जी साधी नाही. जेल घट्ट व्हायला मदत करणाऱ्या टीपीओ या द्रव्यावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे. हाताने चित्रं काढण्याच्या छंदाला जेलची गरज नाही. तीन आठवडे न पुसता येणारी पाटी शिकणाऱ्याच्या काय कामाची?

साध्या नेलपॉलिशचे धोके कमी, नियमही कमी. खिडकी उघडी ठेवावी. गडद रंगाखाली बेसकोट द्यावा, नाहीतर नख पिवळं पडतं. नखांना 'श्वास घेऊ द्यावा' असं सांगतात त्याला अर्थ नाही, नखाला प्राणवायू रक्तातून मिळतो. पण रिमूव्हर नख कोरडं करतो, म्हणून मधून मधून तेल चोळून सुट्टी द्यावी. शस्त्रक्रियेला जाताना रंग काढावा, बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजणारं यंत्र गडद रंगाने फसू शकतं. परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी खोटी नखं लावू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. नमाज पढणाऱ्या अनेक मुली पॉलिशऐवजी मेंदी पसंत करतात, कारण वुजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचं, पाणी नखापर्यंत पोचायला हवं. आणि ज्या शाळेत रंगवलेली नखं चालत नाहीत तिथल्या मुलींनी पायाची नखं घ्यावीत. बुटात कुणी पाहत नाही, शिवाय पायाचं नख हळू वाढतं आणि भांडी घासत नाही.

उरलेली, घट्ट होत आलेली पारदर्शक बाटली फेकू नये. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पानाच्या खालच्या बाजूला तिचा थर देऊन, वाळल्यावर चिकटपट्टीने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पर्णरंध्रांचा ठसा स्वच्छ दिसतो. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्यांना विचारून पाहा.

पुढच्या पानांवरचे नमुने ठिपक्यांपासून सुरू होतात आणि मोरापर्यंत जातात. मधलं पान उघडून थेट मोर काढायला घ्यायलाही हरकत नाही, रिमूव्हरची बाटली जवळ ठेवावी म्हणजे झालं. एक मात्र करा. ही प्रस्तावना वाचता वाचता नखं रंगवली असतील तर पान उलटण्याआधी थोडं थांबा. वरचा थर बोटाला कोरडा लागतो तेव्हा खालचा अजून ओला असतो, आणि पुस्तकाच्या कडेचा वळ नखावर उठतो.